टिपाडातल्या अळ्या आणि गल्लीतली माणसं

बीड शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धांदल. हौद, टाकी, टिपाड, हंडे, जे रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं; कारण पुढचं पाणी कधी येईल याचा नेम नाही. माजलगाव धरण आणि बिंदुसरा प्रकल्पातून शहराला पाणी मिळतं, पण घरापर्यंत ते बऱ्याच दिवसांच्या अंतराने पोहोचतं. पाणीटंचाईच्या शहरात डासांचा आजार कसा, असा प्रश्न पडेल. डेंग्यूचं उत्तर त्या टिपाडातच आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरातलं साठवलेलं, स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी पाण्याच्या थोडी वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असं आरोग्य विभाग सांगतो, तो याच हिशेबाने.

पण ज्याला पाणीच मोजून मिळतं, त्याने ते ओतून कसं द्यावं? ‘भांडी रिकामी करा’ असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर पाणी फेकायची गरज नाही. ते फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावं, टिपाड आतून काथ्याने खरवडून घासावं, मग पाणी परत ओतून तोंडाला कापड घट्ट बांधावं. गाळलेलं फडकं कोरड्या मातीवर झटकावं, अळ्या तिथेच मरतात. नालीत झटकू नये. घासणं विसरलं तर अंडी तशीच राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

तरीही एका घराने हे करून भागत नाही. हा डास फार लांब जात नाही. पण शंभर मीटरच्या टप्प्यात गल्लीतली सगळी घरं येतात. शेजारच्या कुलूपबंद घराच्या गच्चीवरचा टायर, बांधकामावरचा उघडा हौद, कूलरच्या तळाचं पाणी, यांतून निघालेला डास घासलेल्या टिपाडाच्या घरातल्या मुलालाही चावतो, आणि तोही दिवसाउजेडी.

1994 च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची लागण झाली आणि पुढच्या महिन्यात सुरत हादरली. नंतर एस. आर. राव आयुक्त असताना पालिकेने सुरत झाडून काढली. पण रस्त्यावरचा कचरा पालिकेची गाडी उचलू शकते. स्वयंपाकघरामागचं टिपाड कोण उचलणार? तिथे शेजारीच जाऊ शकतो.

निकाराग्वा आणि मेक्सिकोत हे पद्धतशीर तपासून पाहिलं गेलं. तिथल्या काही वस्त्यांत स्थानिक स्वयंसेवक घरोघर गेले, लोकांना त्यांच्याच पिंपातल्या अळ्या दाखवल्या आणि काय करायचं ते वस्तीवर सोपवलं. जादा औषधफवारणी नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या वस्त्यांतल्या मुलांमध्ये डेंग्यूचा संसर्ग इतर वस्त्यांच्या तुलनेत सुमारे 29 टक्क्यांनी कमी आढळला. आजार संपला नाही. पण लस किंवा नवं औषध नसताना एवढी घट थोडकी नव्हे.

बीडच्या गल्लीत याची सोय आयतीच आहे. नळ सगळ्यांना एकाच वेळी येतो. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टिपाडं जवळजवळ रिकामी असतात. तेव्हाच सगळ्या घरांनी मिळून घासली तर थेंबही वाया जात नाही. बंद घराची किल्ली कोणाकडे असते, हेही शेजाऱ्यांनाच ठाऊक असतं. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत, ते आरोग्य विभागाकडे मिळतात.

आणि गल्लीत कोणाला ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीची गोळी मनाने देऊ नये; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नये. ताप उतरतानाच पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गळून गेल्यासारखी सुस्ती दिसली, तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णाला दवाखान्यात न्यावं. रात्र असली तरी.