कंप कमी, आजार कायम

पार्किन्सनमध्ये मेंदूतले डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन) घटते. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून, छातीच्या त्वचेखालच्या बॅटरीतून सौम्य विद्युतस्पंदने देतात. हा शॉक नव्हे, आणि याने आजार बराही होत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात पोलीस वाहतूक मोकळी करतो, खचलेला रस्ता दुरुस्त करत नाही, तसेच हे. आधुनिक पद्धत १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला सुरू झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते.

बोलणे आणि तोल मात्र फारसा सुधारत नाही. घरच्यांना हे आधी सांगायलाच हवे. शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर औषध थांबवून, सकाळी लेवोडोपाची (डोपामिन वाढवणारे औषध) गोळी देऊन हालचाल तपासतात. गोळीने जे सुधारते, साधारण तेच यंत्राने सुधारते. कंप याला अपवाद. गोळीला न जुमानणारा कंपही शमू शकतो.