तान्हुल्याचें दूध टाकणें आणि आईच्या दुधावरील आळ

घरांत तान्हें मूल असलें म्हणजे घरांतील प्रत्येक मोठें माणूस आपोआप वैद्य होतें. बाळ शिंकलें तर एक औषध, रडलें तर दुसरें, आणि पाजल्यावर त्यानें दुधाची गुळणी टाकली तर तिसरें, असें सुचविणारीं माणसें आमच्या एकत्र कुटुंबांत कमी नाहींत. औषधें नुसतीं सुचविलीं जातात तोंवर फारसें बिघडत नाहीं. परंतु मग कारणाचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा एकाच ठिकाणीं येऊन थांबतो. तें ठिकाण म्हणजे आईचें दूध. हा आळ बहुतेक वेळां खोटा कां असतो, क्वचित् त्यांत कांहीं तथ्य असलें तर खरा अपराधी कोण, आणि अशा वेळीं सुज्ञ घरानें कसें वागावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. या बाबतींत मीं स्वतः एक चूक केलेली असल्यामुळें लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

आमचें बिऱ्हाड ठाण्यास खोपट येथें, एस. टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या वर्षीं घरांत नातू आला. दीड महिन्याचा होईपर्यंत सर्व ठीक चाललें होतें. पुढें मात्र पाजल्यानंतर दर वेळीं तो तोंडाच्या कडेनें दूध टाकूं लागला. कधीं तसेंच पातळ, कधीं दह्यासारखें फुटलेलें. खांद्यावरचें फडकें दिवसांतून दहा वेळां बदलावें लागे. माझ्या वडील भगिनी म्हणाल्या, हळिवाच्या खिरीनें सूनबाईचें दूध जड झालें आहे. आमच्या कुटुंबाचें मत नेमकें उलट. शतावरी कल्प घातलेलें दूध सूनबाई पुरेसें घेत नाहीं, म्हणून तिचें दूध पातळ झालें आहे. धाकट्या भावजयीनें तर, वरचें दूध सुरू करा म्हणजे पोटांत ठरेल, असा निकालच देऊन टाकला.

मी पडलों संस्कृताचा जुना शिक्षक. मला स्वस्थ कसें बसवणार? कपाटांतून वाग्भटाचें अष्टांगहृदय काढलें, उत्तरस्थानांतील बालरोगांचा अध्याय उघडला, आणि त्यांतील ‘क्षीरालसक’ नांवाच्या विकाराचें वर्णन सर्वांना मोठ्यानें वाचून दाखविलें. दोषांनीं दूषित झालेल्या दुधापासून हा विकार होतो, हेंही सविस्तर समजावून सांगितलें. पांडित्याच्या भरांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं. ज्या दुधाला मी दूषित म्हणत होतों त्या दुधाची धनीण शेजारच्याच खोलींत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनें प्रथम दूध सोडलें, मग दही, तूप, डाळ, पालेभाजी. आठवड्याभरांत तिच्या ताटांत भात, भाकरी आणि मीठ एवढेंच उरलें. एके सायंकाळीं ती मला म्हणाली, “बाबा, माझ्याच दुधानें त्याला त्रास होत असेल तर पावडरीचा डबा आणूं का?” तिचे डोळे भरून आले होते. तेव्हां मात्र मी ग्रंथ मिटला आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलों.

हे डॉक्टर एके काळीं माझ्या वर्गांत बसत असत. त्यांनीं औषधाचें नांवही न काढतां प्रथम बाळाचें वजन केलें. जन्मतः ३ किलो असलेला मुलगा २ महिन्यांत ४ किलो ७०० ग्रॅम झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढलें म्हणजे पोषण उत्तम होत आहे असें मानतात. त्या मापानें त्याची वाढ चांगलीच होती. मग त्यांनीं प्रश्न विचारले. लघवी दिवसांतून सहा-सात वेळां होते ना? शौचांत रक्त किंवा शेंब पडते का? अंगावर चट्टे आहेत का? ओकारी कधीं हिरवी होते का? पाजतांना तो पाठ ताणून आक्रोश करतो का? पहिल्याचें उत्तर होकारार्थी आणि बाकी सर्वांचें नकारार्थी आल्यावर ते हंसून म्हणाले, “गुरुजी, या मुलाला कांहीं झालेलें नाहीं. उपचार हवाच असेल तर तो घराला हवा. सूनबाईंना आजपासून पोटभर जेवूं द्या.”

त्यांनीं जें समजावून सांगितलें तें असें. अन्ननलिका जेथें जठरास मिळते तेथें स्नायूंचें एक कडें असतें. तें झडपेसारखें मिटून पोटांतील अन्न वर येऊं देत नाहीं. तान्ह्या मुलांत हें कडें अद्याप पक्व झालेलें नसतें आणि मधून मधून उगाच सैल पडतें. त्यांतून बाळाचें जठर लहान, अन्न सर्वस्वीं द्रव, आणि दिवसाचा बहुतेक काळ निजलेल्या स्थितींत जाणारा. मग थोडें दूध वर आलें तर नवल तें काय? पहिल्या चार महिन्यांतील निम्म्याहून अधिक मुलें दिवसांतून एकदां तरी गुळणी टाकतात. हा प्रकार चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो, मूल बसूं लागलें म्हणजे कमी होतो, आणि वर्ष-दीड वर्षांत बहुतेकांचा आपोआप थांबतो. टाकलेलें दूध फुटलेलें दिसतें, तें जठरांतील आम्लामुळें. तें नासल्याची खूण नव्हे.

उपाय म्हणावयाचे ते साधेच आहेत. पाजून झाल्यावर बाळाला खांद्याशीं उभें धरून ढेकर काढावी आणि वीस-तीस मिनिटें तसेंच ठेवावें. लगेच पाळण्यांत घालून जोरानें झोके देऊं नयेत, पोटावर घट्ट दुपटें आवळूं नये. निजवितांना मात्र पाठीवरच निजवावें; दूध श्वासांत जाईल या भीतीनें पालथें निजविण्याची चाल धोक्याची ठरली आहे. ग्राइप वॉटर, गुटी, चाटण यांपैकीं कशाचीही पहिल्या सहा महिन्यांत आवश्यकता नाहीं. मध तर एक वर्षाच्या आंत मुळींच देऊं नये. त्यांतील जंतुबीजांपासून क्वचित् बोटुलिझम हा घातक विकार होतो.

तथापि प्रत्येक मुलाची गोष्ट इतकी सोपी नसते. आमच्या एका आप्तांच्या घरीं, डोंबिवलीस, दोन महिन्यांच्या मुलीच्या शौचांत शेंब आणि रक्ताचे धागे दिसूं लागले; गालांवर व कोपरांच्या लवणींत खाजरे लाल चट्टे उठले. दूध टाकणें होतेंच, पण त्यासह ती पाजतांना विलक्षण रडे आणि वजनही रेंगाळलें होतें. तपासणीअंतीं डॉक्टरांनीं गाईच्या दुधांतील प्रथिनांची ॲलर्जी असावी असा संशय घेतला. मूल केवळ अंगावर पीत होतें. मग गाईचें दूध त्याच्या पोटांत गेलें कसें? तें गेलें आईच्या आहारावाटे. आई जें दूध, दही, खीर, पेढे खाते, त्यांतील प्रथिनांचे सूक्ष्म अंश, विशेषतः बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नांवाचें प्रथिन, तिच्या रक्तांतून तिच्या दुधांत उतरतात. बहुसंख्य मुलांना त्यांचा कांहींच उपद्रव होत नाहीं. केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांपैकीं सुमारें दोनशांत एकाला ही ॲलर्जी होते असा अंदाज आहे.

येथें दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळावी. दुधांतील साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती न पचणें हा निराळा प्रकार आहे. लॅक्टोज आईच्या दुधांत निसर्गतःच असतें, आणि गाईच्या दुधांतल्यापेक्षां अधिक असतें. आईनें दूध प्यालें किंवा सोडलें तरी त्यांत फरक पडत नाहीं. आपण ज्या ॲलर्जीविषयीं बोलत आहों, ती प्रथिनांची.

आणि आतां या लेखाचा मुख्य मुद्दा. या ॲलर्जींतही अपराधी आईचें दूध नव्हे. अपराधी आहे तें गाईचें प्रथिन. म्हणून आईचें पाजणें बंद करून ‘वरचें दूध’ देणें म्हणजे ज्या वस्तूचा कणभर अंश बाधत होता तीच वाटीभर पाजण्यासारखें आहे. म्हशीचें किंवा शेळीचें दूध द्यावें, तर त्यांतील प्रथिनें गाईच्या दुधांतल्यासारखींच असतात. उकळल्यानेंही तीं पुरतीं नाहींशीं होत नाहींत. शिवाय एक वर्षाच्या आंत जनावराचें दूध हें मुख्य अन्न झालें तर शरीरांतील लोह कमी होऊन पंडुरोग होण्याचें भय असतेंच. आमच्या भावजयीचा सल्ला आमच्या निरोगी नातवाला अनावश्यक होता. त्या डोंबिवलीच्या मुलीला तो घातक ठरला असता.

तेथें डॉक्टरांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. आईनें पाजणें चालूच ठेवावें, परंतु दोन ते चार आठवडे स्वतः दूध व दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य करावे, असें त्यांनीं सांगितलें. ताक, लोणी, पनीर, मिठाई यांबरोबर तूपही, कारण त्यांत प्रथिनांचा अंश राहूं शकतो; बिस्किटें, चॉकलेट यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरेंही वाचावयाचीं. तीन आठवड्यांत रक्त थांबलें, चट्टे फिके झाले. मग त्यांनींच आईला पुन्हा दूध घेऊन पाहावयास सांगितलें. घरच्यांना हें विचित्र वाटलें. पण ही उलट परीक्षा फार महत्त्वाची आहे. ती न करितां कित्येक आया महिनोन्‌महिने विनाकारण उपास काढतात. तिसऱ्या दिवशीं रक्त पुन्हा दिसलें, निदान पक्कें झालें, आणि मग पथ्य पुढें चालू ठेवलें. मुलगी वर्षाची झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पुन्हा पाहिलें, तों तिला दूध सोसूं लागलें होतें. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी पहिल्या एक ते तीन वर्षांत ओसरते.

आमच्या घरांत बाळंतिणीचें पथ्यपाणी दुधातुपाभोंवतीं फिरतें; म्हणून असें वर्ज्य करणें तिला एकटीला झेपत नाहीं, सर्व घरानें तें उचलावें लागतें. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारें १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठांत तें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें. तीळही या दृष्टीनें उत्तम. हळिवाचे लाडू नारळ-गुळाचे, तुपावांचून करितां येतात. उणें पडेल तें डॉक्टर गोळ्यांनीं भरून काढतात. मात्र संशय आला म्हणून आपल्याच मनानें एकेक अन्न सोडीत जाणें, जसें आमच्या सूनबाईनें केलें, हें आई व मूल दोघांनाही अपायकारक आहे.

कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं त्यांत घरगुती विचार करीत बसूं नये, तत्काळ रुग्णालय गांठावें. हिरवी ओकारी हें आंतडें अडल्याचें चिन्ह असूं शकतें. प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी दूर जाणारी ओकारी, विशेषतः ३ ते ६ आठवड्यांच्या मुलांत, जठराचें खालचें तोंड अरुंद झाल्याची सूचना असते. त्यास लहानशी शस्त्रक्रिया लागते. ओकारींत वा शौचांत रक्त, फुगलेली टाळू, मलूलपणा, दिवसांतून सहापेक्षां कमी वेळां लघवी, घटणारें वजन, आणि तीन महिन्यांच्या आंतील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, हींही तशींच.

सूनबाईच्या ओठीं डब्याचें नांव इतक्या सहज कां आलें, याचा मीं पुष्कळ विचार केला. एके काळीं दुधाच्या डब्यांवर गुटगुटीत बाळाचें चित्र असे आणि तें आईच्या आत्मविश्वासाला हळूच सुरुंग लावी. १९९२ सालच्या कायद्यानें अशीं चित्रें आणि बालदुग्धाच्या जाहिराती आपल्या देशांत बंद झाल्या. २००३ सालीं तो अधिक कडक झाला. स्तन्यपानाच्या प्रसारासाठीं झटणारी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था १९९१ सालीं आपल्या वर्ध्यासच स्थापन झाली. आणि ठाण्याहून लोकलनें गांठतां येण्याजोग्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियांतील ती पहिली. एका आईचें दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळावें म्हणून जेथें इतके परिश्रम केले जातात, तेथें घरांत विपुल असलेल्या दुधावर आपण केवळ तर्कानें दोष ठेवावा, हें शोभत नाहीं. डब्यांतील विशेष दूध कांहीं मुलांना खरोखर लागतें. पण तें औषधासारखें, डॉक्टरांनीं सांगितल्यावरच द्यावयाचें.

शेवटीं माझ्या ग्रंथाविषयीं दोन शब्द. पाजणारीच्या आहाराचा परिणाम बाळावर होतो हें आमच्या वैद्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें, याचा अभिमान मला आजही आहे. पण त्या दिवशीं मी दुसरा ग्रंथ उघडावयास हवा होता. नेपाळांतील राजगुरु हेमराज शर्मा यांच्या संग्रहांतील पोथीवरून काश्यपसंहिता १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केली. तींत एक ‘वेदनाध्याय’ आहे. बाळाला बोलतां येत नाहीं, तेव्हां त्याचें दुखणें त्याच्या चेष्टांवरून, त्यालाच निरखून ओळखावें, असा त्याचा आशय. आम्हीं सगळ्यांनीं बाळाकडे पाहण्याऐवजीं त्याच्या आईकडे पाहिलें, आणि तेंही न्यायाधीशाच्या नजरेनें.

आमचा नातू आठव्या महिन्यांत बसूं लागला आणि गुळण्या थांबल्या. सूनबाईची क्षमा मीं त्याच आठवड्यांत मागितली होती. ती हंसली, आणि तिनें खिरीची वाटी पुढें ओढली. ज्या घरांत तान्हें मूल दूध टाकीत असेल त्या घरांतील वडील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे कीं, प्रथम बाळाचें वजन पाहावें, मग डॉक्टरांचें मत घ्यावें, आणि तोंवर बाळाच्या आईला दोन घास अधिक खाण्याचा आग्रह करावा.