मुदतवाढ आणि काळ-काम-वेग

ठाण्यात 'एमएच ०४' आणि कल्याण-डोंबिवलीत 'एमएच ०५' या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक तुम्ही रोज पाहता. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनी जुनी नंबरप्लेट काढून उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी, असे महाराष्ट्रात ठरले. पहिली मुदत होती ३१ मार्च २०२५. ती ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि ३१ डिसेंबर अशी त्या एका वर्षातच पाच वेळा पुढे गेली. असे का झाले असावे? कोणी म्हणेल, लोक आळशी. कोणी म्हणेल, सरकार ढिले. दोष देण्यापूर्वी आपण काळ-काम-वेगाचे गणित करून पाहू.

राज्यात अशी जुनी वाहने सुमारे दोन कोटी. जानेवारी ते मार्च २०२५ हे दिवस ९०. भागाकार करा. रोज सुमारे २ लाख २२ हजार वाहने झाली पाहिजेत! आठ तासांचा दिवस धरला, तर दर सेकंदाला सात-आठ. तेच काम वर्षभरात करायचे तर रोज सुमारे ५५ हजार वाहने पुरतात.

पण या पाट्या आधीच भरपूर करून का ठेवता येत नाहीत? कारण प्रत्येक पाटी वेगळी असते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वाहनाचा क्रमांक उठवलेला असतो. कोपऱ्यात अशोकचक्राचा क्रोमियमयुक्त होलोग्राम आणि त्याखाली लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. एकदा बसवली की न तोडता निघणार नाही, अशा खिळ्यांनी ती जडवतात. म्हणजे मागणी आल्यावरच पाटी तयार होणार आणि वाहन केंद्रावर आल्यावरच बसणार. कामाचा वेग असा बांधलेला असतो.

आता मालकांची बाजू पाहा. समजा, १०० वाहने आहेत, १० दिवस आहेत आणि केंद्राची क्षमता रोज १० वाहनांची आहे. हिशेब चोख आहे. परंतु पहिल्या आठ दिवसांत २० जणच आले. उरलेल्या ८० जणांनी शेवटच्या दोन दिवसांत गर्दी केली, तरी कामे होणार २० जणांचीच. ६० जण उरतील. सहा दिवसांची मुदतवाढ त्यांना पुरेल, पण पहिल्या दिवसापासून रोज १० जण आले तरच! 'मुदत पुन्हा वाढेलच' असे मानून सगळे थांबले, तर सहा दिवसांनी आपण पुन्हा तेथेच.

नंबरप्लेटला उशीर झाला तर चोरीची गाडी ओळखणे अवघड राहते. विमानाच्या बाबतीत उशीर याहून महाग पडू शकतो. अमेरिकेत २००४ साली हलक्या क्रीडा विमानांचा नवा वर्ग झाला. जमिनीवरून उडणाऱ्या अशा विमानाचे कमाल वजन ६०० किलोग्रॅम ठरले. तोवर नोंदणीवाचून उडणाऱ्या दोन आसनी हलक्या विमानांना नोंदणी व तपासणी करून या वर्गात येण्यासाठी ३१ जानेवारी २००८ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ मिळाला. येथेही प्रत्येक विमान स्वतंत्रपणे तपासायचे होते. मात्र ती तारीख पुढे ढकलली गेली नाही. मुदत वाढली असती, तर न तपासलेली विमाने तितके दिवस माणसांना घेऊन उडत राहिली असती.

म्हणून मुदतवाढीची मागणी कानावर आली की दोन प्रश्न विचारा. उरलेले काम भागिले कामाचा वेग, याचे उत्तर किती दिवस येते? आणि तेवढे दिवस थांबल्याने कोणाला धोका आहे?

एक प्रयोग करा. तुमच्या इमारतीच्या आवारातील २०१९ पूर्वीच्या वाहनांपैकी किती वाहनांवर होलोग्रामची पाटी आहे, ते या रविवारी मोजा. चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. आठवड्याचा वेग काढा आणि उरलेली वाहने पूर्ण होण्याची तारीख वर्तवा. ती तारीख सरकारी मुदतीशी ताडून पाहा.