बक्षिसाने आवड कमी होते का?

शेजारच्या काकू परवा कौतुकाने सांगत होत्या, "नातवाने गोष्टीचं एक पुस्तक संपवलं की दहा रुपये देते." पोरगं मुळातच पुस्तकात डोकं खुपसून बसणारं!

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे मला १९७३ सालचा एक प्रयोग आठवला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला.

मुलं ३ ते ५ वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रं काढायची सगळ्यांनाच हौस. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच न सांगता, नंतर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही.

एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेनं मांडली. कबूल केलेलं बक्षीस घेतलेली मुलं आता इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत!

कारण असं सांगतात, की आपल्याला काय आवडतं हे आपण स्वतःच्या वागण्यावरूनही ताडतो. 'मी हे बक्षिसासाठी करतो' असं एकदा मनाने घेतलं, की बक्षीस थांबल्यावर करायचं कशाला?

म्हणून बक्षीस वाईटच, असं नाही. पाढ्यांचा कंटाळा असेल तर चॉकलेट खुशाल द्या. तिथे कमी व्हायला आवडच नसते. मनापासून केलेल्या कौतुकानेही सहसा बिघडत नाही.

तुमच्या घरी काय चालतं?