हवेतील वाटेची आखणी

घाटमाथ्यावरील मनोऱ्यांवर दूरच्या क्षितिजाकडे तोंड करून बसविलेल्या वाटोळ्या थाळ्या दिसतात. त्या ज्या वाटेने परस्परांशी बोलतात, ती वाट कोणाच्या दृष्टीस पडत नसली, तरी रस्त्याच्या वाटेइतक्याच कसोशीने ती आधी कागदावर आणि मग प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते.

एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसली की मायक्रोवेव्ह लहरींचा दुवा जुळला, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु या लहरींना केवळ सरळ रेषा पुरत नाही, तर रेषेभोवती दोन्ही टोकांस निमुळता आणि मध्यभागी फुगीर असा मोकळा अवकाश लागतो, ज्याला प्रकाशाच्या तरंगस्वरूपाची मीमांसा करणाऱ्या फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. समजा, अंतर ४० किलोमीटर आणि वारंवारता ६ गिगाहर्ट्झ आहे. तर मध्यावर या अवकाशाची त्रिज्या सुमारे २२ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे साडेतेरा मीटर, निर्वेध असावा लागतो. शिवाय हवेच्या थरांमुळे लहर किंचित जमिनीकडे वाकते ही सवलत जमेस धरूनही पृथ्वीचा फुगवटा तेथे साडेतेवीस मीटर वर येतो. म्हणजे सपाट प्रदेशातसुद्धा मध्यावर ३७ मीटर उंची हवी, आणि तीही झाडांच्या शेंड्यांवर! नकाशात टेकडीची उंची असते, परंतु तिच्यावरचा साग किती वाढला आहे आणि आणखी किती वाढेल, हे नकाशा सांगत नाही. म्हणूनच ज्याने वाट पायांखाली घातली नाही, त्याच्या आराखड्यावर मंजुरीची सही होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्तीचा हिशेबही असाच थक्क करणारा आहे. एक वॅट शक्ती पाठविली आणि दोन्ही टोकांस तीन मीटर व्यासाच्या थाळ्या बसविल्या, तरी ४० किलोमीटरांवर त्यातील जेमतेम काही दहालक्षांश भाग हाती लागतो. एवढ्यानेही ग्राहकयंत्राचे काम उत्तम भागते. किंबहुना हा अंश आणखी दहा हजार पटींनी घटला तरी बोलणे तुटू नये, इतकी शिल्लक नियोजक राखून ठेवतो. ही शिल्लक खाणारे शत्रू दोन. पहिला म्हणजे लहरीचे मावळणे. निवांत रात्री हवेचे उष्ण-शीत थर एकावर एक साचतात, किंवा खाडीच्या पाण्यावरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीस छेद देते. त्यावर एकाच मनोऱ्यावर वरखाली दोन थाळ्या बसविणे हा उपाय आहे, कारण दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी लहर मावळणे सहसा घडत नाही.

दुसरा शत्रू पाऊस. ६ गिगाहर्ट्झला त्याचा जाच सोसण्याजोगा असतो. २३ गिगाहर्ट्झला मात्र तासाला १०० मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या सरीत प्रत्येक किलोमीटरमागे लहरीचा जवळजवळ दशांशच उरतो. वर्षातील ९९.९९ टक्के वेळ दुवा चालू राहील, ही हमी ऐकावयास भरभक्कम वाटते. तथापि तीत वर्षाकाठी ५३ मिनिटांच्या खंडास मुभा आहे, आणि कोकणात ही मिनिटे चैत्रात येत नाहीत. नदीला पूर येऊन मामलेदार कचेरीस वार्ता पोहोचविण्याची निकड असते, त्याच आषाढातल्या रात्री ती येतात. म्हणून दुव्याची तजवीज करणाऱ्यांस आग्रहाची विनंती अशी, की त्यांनी वर्षाच्या सरासरीवर न विसंबता सर्वांत वाईट महिन्याचा हिशेब आधी मांडावा, आणि तो जमत नसेल तर वाटेत आणखी एक मनोरा उभारण्याचा खर्च निमूटपणे मंजूर करावा.