निरुद्धप्रकश, सुंता आणि रुग्णाचे वय

आमच्या चिकित्सालयात एक प्रसंग वारंवार घडतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई व आजी येतात. सर्दी-खोकल्याचे औषध घेऊन झाले, तरी दोघी उठत नाहीत. शेवटी आजीच विषय काढते, "डॉक्टर, ह्याची पुढची कातडी मागे जात नाही. कोणी म्हणतं ऑपरेशन करा, कोणी म्हणतं तेल लावून रोज ओढा. आम्ही काय करावं?" कधी एखादा मुसलमान पिता विचारतो, "सुंता आताच करावी की मुलगा थोडा मोठा झाल्यावर?" आणि कधी पन्नाशीतील मधुमेही गृहस्थ, बाहेरची गर्दी ओसरल्यावर, दार लोटून घेऊन हलक्या आवाजात आपली तक्रार सांगतात.

तीन प्रश्न, तीन वये. पण विषय एकाच त्वचेचा. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर रुग्णाच्या वयापासून सुरू होते, हे आमच्या व्यवसायाच्या आरंभी आम्हांस पुरेसे उमगले नव्हते. त्याची किंमत एका बालकाने मोजली. तो अनुभव व त्यानंतर जमविलेली माहिती वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

संहितेतील तीन व्याधी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांमध्ये शिश्नचर्माच्या तीन विकृती सांगितल्या आहेत : परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश. मागे सरकलेले चर्म मण्याच्या खाली गाठीसारखे अडकून राहते, ती परिवर्तिका. चर्म फाटते, ती अवपाटिका. वातदुष्ट चर्म मण्याला आच्छादून राहते, मूत्रमार्ग रोधला जातो, मूत्राची धार मंद होते व मणी उघडा होत नाही, तो निरुद्धप्रकश.

अवपाटिकेच्या हेतूंत आचार्यांनी हाताने झालेला आघात व चर्म बलपूर्वक मागे सारणे यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. वाचकांनी हा हेतू लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात निरुद्धप्रकशासाठी दोन्ही बाजूंनी उघडी असलेली लोहाची, लाकडाची अथवा लाखेची नाडी घृत लावून आत सरकवावी, स्नेहाने परिषेक करावा आणि दर तीन दिवसांनी अधिक स्थूल नाडी वापरून मार्ग हळूहळू रुंद करावा, असा क्रम दिला आहे. याने काम न झाल्यास सेवनी टाळून छेद द्यावा व सद्यःक्षताप्रमाणे उपचार करावेत. म्हणजे प्रथम स्नेहन व क्रमाक्रमाने विस्तार, आणि शस्त्र त्यानंतर. हा क्रम आजही विचारात घेण्याजोगा आहे.

परिवर्तिकेच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. संहितेत तीन किंवा पाच रात्री उपनाह करून मग चर्म पुढे आणण्यास सांगितले आहे. आज आपण जाणतो की अडकलेल्या चर्मामुळे मण्याचा शोथ तासागणिक वाढतो व रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. म्हणून थंड शेक व हलक्या दाबाने सूज उतरवून चर्म लगेच पुढे येत नसेल, तर रुग्णास त्याच दिवशी, त्याच तासाला शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. मूत्रनलिका घातलेल्या वृद्धांमध्ये हा प्रकार विशेष घडतो. नलिका घालताना मागे सारलेले चर्म पुन्हा पुढे आणण्याचे राहून जाते, आणि संध्याकाळी घरचे लोक सूज पाहून घाबरतात.

न उघडणे हा रोग केव्हा?

जन्मतः हे चर्म मण्याला आतून चिकटलेलेच असते. ते सुटण्याची क्रिया निसर्ग आपल्या गतीने करतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार नवजात बालकांपैकी केवळ ४ टक्क्यांत चर्म पूर्ण मागे सरत होते. एक वर्षाच्या वयात सुमारे ५० टक्के व तीन वर्षांच्या वयात सुमारे ९० टक्के बालकांत ते सरू लागले होते. त्याच लेखात त्यांनी इंग्लंड व वेल्समध्ये सुंतेमुळे दरवर्षी सरासरी १६ लहान मुले दगावत असल्याचे दाखवून दिले होते. पुढे १९६८ साली डेन्मार्कचे याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ८ टक्क्यांत चर्म अरुंद होते. सोळा-सतरा वर्षांच्या वयात हे प्रमाण १ टक्क्यावर आले होते.

तात्पर्य, तीन वर्षांच्या मुलात चर्म न उघडणे हा बहुधा रोग नसून वयाची अवस्था आहे. मूत्र करताना चर्म क्षणभर फुग्यासारखे फुगणे, त्याखाली पांढरट कण दिसणे, याही गोष्टी बहुधा निरुपद्रवी असतात. ते कण म्हणजे पू नव्हे. चर्म सुटताना झडलेल्या पेशींचा तो संचय होय.

याउलट चर्माच्या टोकाशी पांढरे, कठीण, चकाकणारे कडे दिसणे, पूर्वी उघडणारे चर्म न उघडू लागणे, धार बारीक होऊन मुलाने कुंथणे, वारंवार शोथ अथवा मूत्रमार्गाचा संसर्ग होणे, ही खऱ्या निरुद्धप्रकशाची लक्षणे समजावीत. व्रणवस्तूचे कडे नसेल, तर बालशल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली चार ते आठ आठवडे सौम्य स्टिरॉइड मलम लावून पुष्कळ मुलांचे शस्त्रकर्म टळते. पांढरे कठीण कडे असेल, तर मात्र सुंता हाच बहुधा योग्य उपाय ठरतो.

आमची चूक

व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी अडीच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. त्याला कोणताही त्रास नव्हता. आईने केवळ शंका विचारली होती. आम्ही तपासताना चर्म जरा जोरानेच मागे सारले, मूल किंचाळले. मग आम्ही तिला रोज स्नानाच्या वेळी खोबरेल तेल लावून चर्म ओढण्यास सांगितले. आमच्या मनात स्नेहन होते. प्रत्यक्षात मुलाच्या वाट्याला आले ते बलपूर्वक उद्वर्तन.

दीड महिन्याने ती माता परत आली. चर्माला भेगा पडल्या होत्या, रक्त येत होते आणि मूल मूत्र करण्यास घाबरत होते. आईने सूचना तंतोतंत पाळली होती. भेगा भरल्या, पुन्हा पडल्या, पुन्हा भरल्या. शेवटी त्या जागी व्रणवस्तूचे पांढरे कडे तयार झाले. सहाव्या वर्षी त्या मुलाची सुंता करावी लागली. जे चर्म आपोआप सुटण्याची दाट शक्यता होती, त्यास आमच्या सल्ल्याने अवपाटिका झाली व अवपाटिकेतून निरुद्धप्रकश झाला. निदानस्थानातील तो हेतू आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. पण त्या आईशी बोलताना तो आठवला नाही.

आता आम्ही मातांना एवढेच सांगतो : बाहेरून पाण्याने धुवा, आपणहून जेवढे सरते तेवढेच सरू द्या, आणि सरकवलेले चर्म पुन्हा पुढे आणण्यास विसरू नका.

वयानुसार काय अपेक्षावे?

सुंता धर्माचरणासाठी असो वा रोगासाठी, ती कोणत्या वयात होते यावर तिचा पुढील क्रम अवलंबून असतो.

नवजात व तान्हे बालक : ज्यू धर्मात आठव्या दिवशी सुंता करण्याची प्रथा आहे, कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाजानेही ती पिढ्यानुपिढ्या पाळली आहे. या वयात विधी थोड्या वेळात होतो व जखम साधारण सात ते दहा दिवसांत भरते. स्थानिक भूल पुरते. परंतु बालकाला वेदना कळत नाहीत हा समज सर्वस्वी चुकीचा असून भूल दिलीच पाहिजे. प्लास्टिकचे कडे बसविण्याच्या पद्धतीत ते कडे बहुधा पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते, ओढू नये. मण्यावर पिवळसर पातळ थर येतो, तो पू समजून घासू नये. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे वा कावीळ असलेले बालक असल्यास थांबावे. जन्मानंतर व्हिटॅमिन के दिले आहे ना, हे पाहावे. काही मुलांत पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी मूत्रद्वार अरुंद होते. धार बारीक व वरच्या दिशेने जाऊ लागल्यास तपासणी करावी.

एक ते दहा वर्षे : या वयात मूल स्थिर राहत नाही, म्हणून बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते व त्यासाठी रुग्णालय हवे. पहिले दोन-तीन दिवस मूत्र करताना आग होते. पाणी भरपूर पाजावे. कोमट पाण्यात बसवून मूत्र करू दिल्यास त्रास कमी होतो. सूज आठवडाभर दिसते. पूर्ण भरून येण्यास दोन आठवडे लागतात. सैल लुंगी किंवा झबले घालावे, सायकल व धावपळ टाळावी. मुलास "मामाकडे जायचे आहे" असे सांगून फसवून नेऊ नये. दुखेल, पण आम्ही जवळ असू, हे त्याला कळेल अशा शब्दांत आधी सांगावे. वेदना मूल विसरते, फसवणूक विसरत नाही.

किशोरवय : येथे लज्जा हा मोठा अडसर असतो. मुलाशी काही वेळ एकट्याने बोलावे. रात्री होणाऱ्या उत्थानामुळे टाक्यांवर ताण पडतो व वेदना होते. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर मुलगा घाबरतो व कोणास सांगतही नाही. दोन ते तीन आठवडे खेळ बंद ठेवावेत.

प्रौढ वय : स्थानिक भुलेखाली शस्त्रकर्म होऊन रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. विरघळणारे टाके दोन ते चार आठवड्यांत पडतात. मण्याची वाढलेली संवेदनशीलता काही आठवड्यांत उतरते. जखम वरून भरलेली दिसली तरी सहा आठवडे मैथुन वर्ज्य करावे. पुरुषत्व कमी होईल का, हा न विचारलेला प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. आफ्रिकेत प्रौढ पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत तसे आढळले नाही, हे आपणहून सांगावे. याच चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गात सुमारे ६० टक्के घट दिसली व २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे सर्वसाधारण लोकसंख्येतच हा संसर्ग फार आहे व सुंतेचे प्रमाण अल्प आहे, अशा प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. मात्र सुंता झाली म्हणून निरोध वापरण्याची गरज संपते, असा अर्थ कोणी काढू नये.

चाळिशीनंतर चर्म नव्याने अरुंद होऊ लागले, त्यास भेगा व खाज येऊ लागली, तर शस्त्रक्रियेआधी रक्तशर्करा तपासावी. आमच्या काही रुग्णांचा मधुमेह प्रथम या तक्रारीवरूनच ओळखला गेला. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणाऱ्या औषधांनीही या जागी बुरशीचा संसर्ग होतो. रुग्ण कोणती गोळी घेतो हे विचारावे. औषध आपण बंद न करता त्याच्या डॉक्टरांना कळवावे. चर्माखाली न भरणारा व्रण वा गाठ असल्यास लेप लावीत बसू नये. कर्करोगाची शंका घेऊन त्वरित पाठवावे.

आधी विचारावयाचे दोन प्रश्न

पहिला, मूत्रद्वार योग्य जागी आहे का? ते खालच्या बाजूस असेल व चर्म वरून टोपीसारखे असेल, तर सुंता कदापि करू नये. ती विकृती दुरुस्त करताना हेच चर्म उपयोगी पडते. दुसरा, घराण्यात, विशेषतः मामा-मावसभावांत, जखमेतून रक्त न थांबण्याचा इतिहास आहे का? ज्यूंच्या तालमूद ग्रंथात, सुंतेमुळे दोन भाऊ दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये असा दंडक आहे. रक्तस्रावी प्रवृत्ती कुळातून येते, हे निरीक्षण इतके जुने आहे.

शस्त्रकर्म कोणी करावे, याविषयीही स्पष्ट असावे. तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेतील शस्त्रकर्मे पदव्युत्तर शिक्षणक्रमाशी निगडित आहेत. केवळ बीएएमएस पदवीवर आपण शस्त्र हाती घेऊ नये. आपले काम निदान, समुपदेशन, योग्य वेळी योग्य जागी पाठविणे आणि पश्चात्कर्म.

पश्चात्कर्मात आहार लघु व स्निग्ध ठेवावा. मलावरोध होऊ देऊ नये. ताज्या जखमेवर हळद, राख, चुना काहीही टाकू नये. शल्यचिकित्सकाच्या संमतीने व जखम कोरडी झाल्यावरच जात्यादि तेलासारख्या योगांचा विचार करावा. धनुर्वाताची लस झाली आहे याची खात्री करावी. दहा मिनिटे हलका दाब देऊनही रक्त न थांबणे, बारा तास मूत्र न होणे, ताप, पसरणारी लाली अथवा मणी काळानिळा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

ज्या मुलाविषयी वर लिहिले, तो आता महाविद्यालयात शिकतो. त्याची आई अजूनही आमच्याकडेच औषधाला येते. त्या वेळी आम्ही तिला आमची चूक स्पष्ट सांगितली होती. ती काही बोलली नव्हती. गेल्या वर्षी ती आपल्या पुतणीला घेऊन आली. पुतणीच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता व प्रश्न तोच होता. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच ती पुतणीला म्हणाली, "ओढायचं नाही गं. त्याचं त्याला सुटू दे."

आम्हांस त्यावर अधिक काही सांगावे लागले नाही.