अंधारातल्या आरशांचं रसायन

२०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं आणि जिकडेतिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचाच गजर झाला. पारितोषिकही त्याच कामासाठी होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण हॉपफील्ड यांचं १९५८ चं एक काम त्या गलबल्यात झाकोळलं. स्फटिकात शिरलेला प्रकाश आणि तिथली उत्तेजना यांची गाठ इतकी घट्ट बसू शकते, की उरतं ते ना निव्वळ प्रकाश, ना निव्वळ पदार्थ. त्या मिश्रणाला पोलॅरिटॉन म्हणतात. सध्या तो रसायनशास्त्रज्ञांची झोप उडवतो आहे.

ही गाठ समजण्यासाठी एकाच आडव्या दोरीला दोन सारखे लंबक टांगा आणि एकाला झोका द्या. थोड्या वेळाने तो थांबतो, दुसरा डोलू लागतो. मग पुन्हा पहिला. रेणूचं कंपन हा एक लंबक, तर समोरासमोरच्या दोन आरशांत अडकलेली प्रकाशलहर हा दुसरा. आरशांत काही मायक्रॉनचं अंतर ठेवून दोघांची वारंवारता जुळवली, की वर्णपटात एका रेषेच्या जागी दोन दिसतात, एक थोडी वर आणि एक थोडी खाली. रेणू जितके जास्त, तितकी ही फूट मोठी. ती त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आणि खरी गंमत म्हणजे यासाठी दिवा लावावाच लागत नाही! निर्वातातही विद्युतचुंबकीय क्षेत्र पूर्ण स्वस्थ नसतं; तेवढी चुळबुळ पुरते.

फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या थॉमस एबेसन यांच्या गटाने २०१६ मध्ये सिलिकॉन-कार्बन बंध तुटण्याची एक अभिक्रिया अशा आरशांत घडवली. आरशांमधली पोकळी त्या बंधाच्या कंपनाशी जुळताच अभिक्रिया साडेपाच पटींपर्यंत मंदावली. ना उत्प्रेरक, ना लेझर. बातमीला आणखी काय हवं?

पण ते वर्गमूळच इथे आडवं येतं. गाठ बसते ती अब्जावधी रेणूंच्या जमावाशी, बंध मात्र एकेका रेणूत तुटतो. एकाच्या वाट्याला परिणाम येतो जवळजवळ शून्य. मग वेग बदलतो कसा? यावर सिद्धान्तकारांचं अजून एकमत नाही. पोकळीत अभिक्रियेचा वेग वाढतो, असे दावेही झाले होते; २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी तसे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा ती वाढ सापडली नाही. उलट २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेला युरेथेन बनण्याची अभिक्रिया मंदावलेली दिसली.

म्हणून अशी बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: आरसे तेच, द्रव तोच, फक्त अंतर किंचित बदलून जुळणी मोडल्यावर परिणाम गेला का? एबेसन यांनी हे तपासलं होतं, म्हणून त्यांचा दावा हसण्यावारी नेता येत नाही. पण केसाहून बारीक फटीत तापमान आणि द्रावणाची तीव्रता नेमकी सांभाळणं महाकठीण. दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातांनी तेच आकडे येईपर्यंत कारखान्यांनी उत्प्रेरकांच्या ऑर्डरी रद्द करू नयेत.